न सांगण्याची परंपरा : संगणक-खेळांच्या शिफारशीचा इतिहास

१

१९७६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स या विद्यार्थ्याला तेथील एका संगणकावर कोणीतरी आणून ठेवलेला एक अपुरा खेळ सापडला. त्यात चित्रे नव्हती, ध्वनी नव्हता. होती ती केवळ वाक्ये. एका गुहेचे वर्णन पडद्यावर किंवा टेलिटाइपच्या कागदावर उमटे आणि खेळणाऱ्याने एकदोन शब्दांची आज्ञा टंकून पुढची वाट धरावी, अशी त्याची रचना होती. कर्त्याविषयी ‘क्राउदर’ या आडनावापलीकडे फारशी माहिती नव्हती. वुड्सने तेव्हाच्या अर्पानेट या संगणकजालावरील प्रत्येक यंत्राकडे ‘क्राउदर’ याच नावाने पत्र धाडले. त्यातले एक पत्र योग्य ठिकाणी पोहोचले. विल क्राउदरने संहिता दिली, वुड्सने तिच्यात आणखी खजिने, राक्षस आणि साडेतीनशे गुणांची मोजणी घातली, आणि १९७७ साली ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ अमेरिकेतील प्रयोगशाळांतून पसरू लागला. त्याला प्रकाशक नव्हता, जाहिरात नव्हती, परीक्षण लिहिणारे नियतकालिक नव्हते. एकाने खेळावा, दुसऱ्याला दाखवावा, तिसऱ्याने प्रत उतरवून न्यावी, एवढीच त्याच्या प्रसाराची व्यवस्था होती.

या हकिकतीत कर्ता, वाचक आणि शिफारस करणारा या तीन भूमिका परस्परांत इतक्या मिसळलेल्या आहेत की त्या वेगळ्या काढणे कठीण जावे. वुड्स हा आधी वाचक, मग प्रसारक आणि शेवटी सहकर्ता होता. हस्तलिखित पोथ्यांच्या परंपरेत नकलकाराच्या हातून जे घडत असे त्याच्याशी याचे साम्य आहे. परंतु पोथी हाती पडल्यावर ती वाचता येते. ‘अ‍ॅडव्हेंचर’ हाती पडला तरी तो ‘वाचता’ येत नसे. पुढचे वाक्य समोर यावे यासाठी वाचकाला काहीतरी ठाऊक असावे लागे. हे ‘ठाऊक असणे’ पुढील साऱ्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

क्राउदर हा अर्पानेटची यंत्रणा उभारणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत प्रोग्रॅमर होता आणि छंदाने गुहासंशोधक. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या सर्वेक्षणात तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया दोघेही सहभागी होती. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहासंहती आतून जोडलेल्या आहेत हे १९७२ साली सिद्ध करणाऱ्या तुकडीत पॅट्रिशिया होती. पुढे दोघे विभक्त झाली. दुरावलेल्या दोन लहान मुलींसाठी क्राउदरने फोरट्रान भाषेत हा खेळ लिहिला. त्यातील गुहा काल्पनिक नव्हे. सर्वेक्षणाच्या नकाशातील दालने, चिंचोळ्या वाटा, उभे खड्डे हे सारे जवळपास जसेच्या तसे वाक्यांत उतरले आहे. केवळ खेळ खेळून झालेल्या व्यक्तीला पुढे प्रत्यक्ष गुहेत वाट ओळखता आली, अशी हकिकत गुहासंशोधकांत सांगितली जाते. डेनिस जेर्झ या अभ्यासकाने २००७ साली क्राउदरची वुड्सपूर्व संहिता स्टॅनफर्डच्या जुन्या साठ्यातून मिळवून ती प्रत्यक्ष गुहेशी ताडून पाहिली तेव्हा या साम्याला पुरावा मिळाला. घर तुटलेल्या बापाने मुलींना दाखवलेली ही वाट आहे, असे वाचन करण्याचा मोह अनेकांना झाला. तो समजण्याजोगा असला तरी संहितेत त्याला फारसा आधार नाही. तिच्यातली वाक्ये रुक्ष आणि मोजकी आहेत, सर्वेक्षकाच्या टाचणवहीतली वाटावीत अशी.

गुहेतील एका दालनाच्या भिंतीवर एक जादूचा शब्द लिहिलेला आहे. एक्स, वाय, झेड, झेड, वाय या पाच अक्षरांना अर्थ काहीच नाही. तो टंकला की खेळणारा गुहेतून क्षणात बाहेरच्या घरात येतो, आणि घरातून परत त्याच दालनात जातो. शब्द वाचण्याची अट मात्र खेळात घातलेली नाही. ज्याला तो आधीच कोणी सांगितला असेल त्याने घरात शिरताच टंकला तरी तो चालतो. संहितेच्या आत मिळवलेले ज्ञान आणि संहितेबाहेर ऐकलेले ज्ञान यांत यंत्राला फरक करता येत नाही. कादंबरीचा शेवट आधी कळला तरी मधली पाने जागेवरच राहतात, वाचावी लागतात. येथे कळणे म्हणजेच पोहोचणे होय. त्यामुळे शिफारस करणाऱ्यावर एक विलक्षण बंधन येते. जे त्याला सर्वाधिक आवडले असेल नेमके तेच त्याने सांगायचे नसते.

२

१९७६ सालीच वुल्फगांग इझरचा वाचनक्रियेवरील जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला, हा निव्वळ योगायोग. तथापि तो उपयुक्त आहे. संहितेतील ‘रिक्त जागा’ वाचक आपल्या कल्पनेने भरतो आणि त्या भरण्यातूनच वाङ्मयकृती सिद्ध होते, हे इझरचे प्रतिपादन मराठी समीक्षेच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच्या वाचकाला कोणी तपासत नाही. त्याने जागा ढिसाळपणे भरली तरी पुढचे पान उलटतेच. ‘अ‍ॅडव्हेंचर’मधील रिक्त जागा मात्र एकच शब्द मागते आणि तो न मिळाल्यास वाचकाला तेथेच रोखून धरते. वाचकाचे स्वातंत्र्य वाढवणारा प्रकार म्हणून ज्याचा पुढे गौरव झाला, तो आरंभी वाचकावर इतका कठोर होता.

कठोरपणाची परिसीमा शेवटच्या गुणात दिसते. साडेतीनशेपैकी ३४९ गुण मिळवलेल्यांना उरलेला एक गुण कसा मिळवावा हे कळेना. गुहेत ‘स्पेलंकर टुडे’ नावाचे एक मासिक पडलेले असते. ते उचलून ‘विट्स एंड’ नावाच्या, जवळजवळ बाहेरच पडता येऊ नये अशा दालनात नेऊन टाकले की तो गुण मिळतो. याला कथेतून, तर्कातून किंवा भूगोलातून कोणताही आधार नाही. एमआयटीतील मंडळींनी अखेर प्रोग्रॅमची यंत्रभाषाच उलगडून तो शोधला. येथे संहितेचे वाचन संपून संहितेच्या आतड्यांचे वाचन सुरू झाले. त्यानंतर तो गुण केवळ कर्णोपकर्णी पसरत राहिला, कारण त्याला दुसरा मार्गच नव्हता.

याच एमआयटीतील मार्क ब्लँक, डेव्ह लेबलिंग, टिम अँडरसन आणि ब्रूस डॅनिएल्स यांनी १९७७ पासून ‘झॉर्क’ रचला, आणि १९७९ साली इन्फोकॉम ही कंपनी स्थापन झाली. घरगुती संगणकांवर १९८० च्या अखेरीस ‘झॉर्क’ विकला जाऊ लागला तेव्हा प्रयोगशाळेतला शेजारी नाहीसा झाला. खेळणारा घरी एकटा होता आणि अडला तर विचारणार कोणाला, हा प्रश्न व्यापाराचा झाला. सुरुवातीस पत्राने प्रश्न विचारणाऱ्यांना पत्राने उत्तरे धाडली गेली. ते काम सांभाळणाऱ्या माइक डॉर्नब्रूकने मग ‘इनव्हिजिक्लूज’ या पुस्तिका काढल्या. त्यांत प्रश्न साध्या शाईत छापलेले असत आणि उत्तरे अदृश्य शाईत. सोबतच्या विशिष्ट पेनाने घासले की उत्तर उमटे. प्रत्येक प्रश्नाखाली आधी मोघम संकेत, मग अधिक स्पष्ट, आणि अखेरीस पूर्ण उलगडा, अशा पायऱ्या असत. नुसत्या प्रश्नावरूनही पुढचे काही कळू नये म्हणून खेळात नसलेल्या गोष्टींविषयीचे खोटे प्रश्नही मधूनमधून पेरलेले असत.

या पुस्तिकांकडे वाङ्मयीन दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. मिआ कॉन्साल्वो हिने ‘चीटिंग’ (२००७) या ग्रंथात जेरार जनेतची ‘परिसंहिता’ ही संकल्पना खेळांच्या मार्गदर्शिकांना लावली हे खरे. परंतु तिचा रोख प्रामुख्याने खेळणाऱ्यांमधील प्रतिष्ठेकडे आणि फसवणुकीच्या व्याख्येकडे आहे. ‘इनव्हिजिक्लूज’मध्ये त्याहून वेगळे काही घडलेले दिसते. जाणकार मित्र तोंडी जे करतो, म्हणजे आधी डोळे मिचकावतो, मग ‘पुन्हा एकदा त्या दारापाशी जा’ म्हणतो आणि अगदीच नाइलाज झाल्यावर सांगून टाकतो, त्या सगळ्या शिष्टाचाराला तिथे मुद्रित रूप मिळाले. सांगण्याच्या इतक्याच न सांगण्याच्या कलेने घडवलेला हा गद्यप्रकार आहे, आणि इन्फोकॉम १९८९ साली बंद पडल्यावर तो जवळपास लुप्त झाला.

३

दुसरी परंपरा मॉस्कोत सुरू झाली. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोवने १९८४ च्या सुमारास एलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर ‘टेट्रिस’ रचला. वादिम गेरासिमोव या शाळकरी मुलाच्या मदतीने तो आयबीएम पद्धतीच्या संगणकावर आल्यानंतर फ्लॉपी डिस्कवरून नक्कल होत होत पसरला. यात लपवण्यासारखे काहीच नाही. सात आकार, एक विहीर, वाढता वेग एवढे पहिल्या मिनिटातच दिसते. येथे शिफारस म्हणजे प्रत हातावर ठेवणे. फार तर ‘हातातली कामे उरकून मग बस’ अशी एक सूचना. या खेळाचा शेवट कोणी सांगून बिघडत नाही, कारण ठरलेला शेवटच त्याला नाही, किंवा नाही असे दीर्घकाळ मानले गेले.

समीक्षेचा पहिला मोठा वाद पेटला तो याच खेळावरून. १९९७ साली जॅनेट मरे हिने ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ या ग्रंथात ‘टेट्रिस’चे वाचन १९९० च्या दशकातील अमेरिकनांच्या कामांनी गच्च भरलेल्या जीवनाचे प्रतीक म्हणून केले. २००१ साली ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात मार्क्कू एस्केलिनेनने या वाचनावर कडाडून टीका केली. जे नाही ते आख्यान खेळावर लादले जात आहे, असा त्याचा आक्षेप होता. सोव्हिएत अकादमीत जन्मलेल्या खेळावर अमेरिकन दिनचर्येचे रूपक बेतावे, यातील विनोद त्याच्या बाजूचा होता. तरीही त्याच्या भूमिकेत दुसऱ्या टोकाचा हट्ट होताच. खेळ म्हणजे केवळ नियम, बाकी सारे वेष्टन, हे म्हणणे ‘टेट्रिस’ला लागू पडते, पण ‘झॉर्क’ला नव्हे. एस्पेन आर्सेथच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) मधील मांडणी अधिक सावध होती. वाट काढण्यासाठी वाचकाला खरोखरच श्रम करावे लागतात अशा संहितांना त्याने ‘एर्गोडिक’ म्हटले आणि खेळातील अनुभवाची लय अडसर आणि साक्षात्कार या जोडीने स्पष्ट केली. मात्र त्याच्या विवेचनात खेळणारा एकटाच आहे. अडसर त्याचा, साक्षात्कार त्याचा. खेळ त्याच्यापर्यंत कोणी आणला, काय सांगून आणि काय राखून, हा प्रश्न आख्यानवादी आणि खेळवादी अशा दोन्ही पक्षांनी सोडून दिला. त्यामुळे पुढच्या दोन दशकांत जे घडले ते समजून घेण्यास त्या वादाची मदत थोडीच होते.

४

‘मिस्ट’ (१९९३) हा रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंचा खेळ कोऱ्या वहीसह विकला गेला. निर्जन बेटावर काय पाहिले ते खेळणाऱ्याने स्वतः नोंदवावे, अशी अपेक्षा होती. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो हा खेळ काही मिनिटांत संपवू शकतो, कारण शेवटच्या दाराची गुरुकिल्ली आरंभीच्या बेटावरच आहे. मधले सारे जग केवळ ती कोणती हे कळण्यासाठी. साठ लाखांहून अधिक प्रती खपलेल्या या खेळाच्या शिफारशीत त्याचे दृश्यसौंदर्यच बोलून दाखवले जाई, याचे कारण आता उघड आहे. सांगण्याजोगे तेवढेच होते.

ही परंपरा टोकाला पोहोचली ती ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) मध्ये. अ‍ॅलेक्स बीचमच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधप्रकल्पातून वाढलेल्या या खेळात एक लहानशी सूर्यमाला आहे. बावीस मिनिटांनी तिचा सूर्य स्फोट पावतो आणि खेळणारा पुन्हा पहिल्या क्षणी जागा होतो. त्याला शस्त्र मिळत नाही, शक्ती वाढत नाही, कोणतेही दार बक्षीस म्हणून उघडत नाही. प्रत्येक आवर्तनातून त्याच्याजवळ उरते ती केवळ माहिती, बहुतांशी एका नामशेष जमातीने भिंतींवर लिहून ठेवलेल्या संवादांतून वाचलेली. पुरेसे कळले की शेवट गाठता येतो. तत्त्वतः तो पहिल्याच आवर्तनातही गाठता आला असता. जादूच्या शब्दाचे गणित येथे संपूर्ण विश्वाला लावले आहे.

या खेळाची शिफारस ज्या रीतीने होते ती वाङ्मयव्यवहारात दुर्मीळ आहे. ‘काही वाचू नकोस, काही विचारू नकोस, फक्त सुरू कर’ असा तिचा साधारण आशय असतो. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ (१९५२) या नाटकाच्या प्रेक्षकांना पडदा पडताना खुनी कोण हे बाहेर न सांगण्याची विनंती केली जाते. पण तेथे एकच गुपित राखायचे असते, नाटकाविषयी बाकी बोलायला मोकळीक असते. येथे कथाविषय, स्थळ, घटकांमागील कारणे, सारेच गुपितात मोडते. ज्याने खेळ पूर्ण केला तो तो पुन्हा खेळू शकत नाही, कारण अज्ञान परत मिळत नाही. मग तो दुसऱ्याला खेळायला लावतो आणि त्याच्या मागे बसून पाहतो. आपल्याला कळलेले दुसऱ्याला कळताना पाहणे एवढाच पुनर्वाचनाचा मार्ग त्याच्यापाशी उरतो. इतरांचा पहिला खेळ तासन्‌तास पाहणाऱ्यांचा जो वर्ग अशा खेळांभोवती तयार झाला, त्याचे मूळ या वंचिततेत आहे. शिफारस येथे परोपकार राहत नाही. ती शिफारस करणाऱ्याची गरज होते.

ल्यूकस पोपच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) मध्ये हीच अडचण दिसते, पण तिचे उत्तर निराळे आहे. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचे एक हरवलेले जहाज रिकामे परत येते, आणि विम्याच्या निरीक्षकाने त्यावरील साठ जणांची नावे व त्यांचे काय झाले ते वहीत भरायचे असते. खलाशांत भारतीयही आहेत. त्यांना ओळखायचे ते बोलण्याच्या ढंगावरून, कपड्यांवरून, कोण कोणाशेजारी उभा आहे यावरून. तीन नोंदी बिनचूक झाल्या की खेळ त्या एकदम पक्क्या करतो. वाचक अंदाजाने जागा भरत सुटू नये, यासाठी योजलेली ही युक्ती इझरच्या वाचकाला लावलेली शिस्तच म्हणावी लागेल. येथे शिफारस करणाऱ्याला तंत्र सांगता येते, नावे नाहीत.

२०२५ च्या ‘ब्लू प्रिन्स’पर्यंत ही वाट आलेली आहे. दररोज नव्याने रचल्या जाणाऱ्या वाड्यातील सेहेचाळिसावी खोली शोधणारा हा खेळ खेळणाऱ्याला वही बाळगण्याचा सल्ला देतो, आणि ‘मिस्ट’ची कोरी वही बत्तीस वर्षांनी परत येते. दुसऱ्या परंपरेचा वारस ‘बलाट्रो’ (२०२४) त्याच काळात तितक्याच आवेशाने हातोहात दिला गेला. पोकरच्या पानांवर उभारलेल्या या खेळाविषयी सारे सांगितले तरी काही उणे होत नाही. सांगणाऱ्यांत मात्र तक्रारीचा सूर असतो, रात्र वाया गेल्याचा.

५

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला यात एक मूलभूत विरोध जाणवल्यावाचून राहणार नाही. नाटकाचे कथानक ‘प्रख्यात’ असावे ही भरताची अपेक्षा. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र असे वस्तूचे प्रकार केले, तरी श्रेष्ठ रूपकाला, म्हणजे नाटकाला, ठाऊक असलेलीच कथा लागे. दशावताराचा प्रेक्षक किंवा कीर्तनाचा श्रोता आख्यानाचा शेवट ऐकायला बसत नाही. ज्ञान हा तेथे रसविघ्न नसून रसाची पूर्वअट आहे. ‘आउटर वाइल्ड्स’च्या परंपरेत तेच ज्ञान कृतीचा अंत घडवते. म्हणून सहृदयाची संकल्पना या खेळांना सरळ लावता येत नाही. सहृदय पुनःपुन्हा येतो. येथला रसिक एकदाच येऊ शकतो.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) या संदर्भात आठवावा असा आहे. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गेचे त्रिशूळ, विष्णूची नगरी : वातावरण प्रख्यात, कथा उत्पाद्य, म्हणजे धनंजयाच्या भाषेत मिश्र. भारतीय पुराणांवरचा खेळ म्हणून त्याची शिफारस मोकळेपणाने झाली आणि ती होताना काही राखून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. मात्र पुराण येथे देखाव्यापुरते राहते. प्रख्यात वस्तू खेळाच्या रचनेतच कशी उतरवावी, श्रोत्याला शेवट ठाऊक असण्यातून खेळ कसा उभा राहावा, हा प्रश्न त्याने हाताळलेला नाही.

इतिहासकाराची अडचण याहून निकडीची आहे. अशा खेळांविषयी दोनच प्रकारचे लेखन मागे राहते. एक पायरीपायरीने उकल सांगणारे, ज्यात सर्व काही असते पण अनुभव नसतो, आणि दुसरे नुसते गौरवाचे, ज्यात अनुभव असतो पण कशाचा ते नसते. खेळ हाती असेल तर ही उणीव भरून काढता येते. तो नेहमी हाती असतोच असे नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. २०१४ साली निघालेला ‘पी.टी.’ हा छोटा भयखेळ पुढच्याच वर्षी वितरणातून काढून घेतला गेला. तो ज्यांनी तेव्हा उतरवून घेतला त्यांच्या यंत्रांपुरताच उरला. त्याची शिफारस आजही होते. ऐकणाऱ्याला मात्र तो खेळण्याचा सरळ मार्ग नाही. ‘अ‍ॅडव्हेंचर’ची संहिता वाचली ती वुड्सचे जुने खाते स्टॅनफर्डने जपून ठेवले होते म्हणून. त्या काळी प्रयोगशाळेत कोण कोणाला काय म्हणाले, किती सांगितले आणि कोठे थांबले, याची नोंद कोठेही नाही.

‘टेट्रिस’ला शेवट नाही हा समज तेवढा मोडला. १९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीचा प्रोग्रॅम तपासून, अमुक पातळीवर अमुक तऱ्हेने ओळी पुसल्यास यंत्र गोठेल, असे तक्ते जाणकारांनी आधीच तयार केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील तेरा वर्षांचा एक मुलगा खेळत खेळत तेथवर पोहोचला. तक्ता त्याला ठाऊक होता. १५५ व्या पातळीवरची संधी हुकली. तो खेळत राहिला, आणि १५७ व्या पातळीवर ओळ पुसली जाताच पडदा थिजला. काय होणार हे त्याला माहीत होते, आणि ते चित्रण नंतर पाहणाऱ्या लाखो लोकांनाही. तरीही ते घडले तेव्हा मुलगा खुर्चीत मागे कोसळला, आणि आपल्या बोटांत जीव उरलेला नाही, असे म्हणू लागला.